मागच्या सीटखालचं डुबुक

मुलांनो, तुमच्या घरी मोटार असेल, किंवा मामाच्या, काकांच्या मोटारीतून तुम्ही कुठे गेला असाल, तर जरा आठवून पाहा. गाडी सिग्नलला थांबते. बाबा ब्रेकवर पाय ठेवतात. सगळं शांत होतं आणि तेवढ्यात मागच्या सीटच्या खालून कोणीतरी हळूच म्हणतं, ‘डुबुक!’

ऐकलंय कधी? पुढे बसणाऱ्यांना हा आवाज सहसा ऐकू येत नाही. म्हणून ते म्हणतात, “काही नाही रे, भास झाला असेल.” पण मागे बसणारी मंडळी, म्हणजे तुम्ही आणि तुमची आजी, यांना तो चांगला ओळखीचा असतो.

आम्ही खडकीला राहतो. खडकी म्हणजे आवाजांचं गावच. एका बाजूला रेल्वे, दुसरीकडे जुना मुंबई-पुणे रस्ता, मधून लष्कराच्या गाड्यांची ये-जा. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप लागत नाही. आम्ही मात्र ढाराढूर! पण गंमत अशी, की बाहेरची अख्खी आगगाडी ज्यांना ऐकू येत नाही, त्याच आम्हाला आपल्या गाडीतलं एवढंसं डुबुक मात्र बेचैन करून सोडत होतं.

गाडी आम्ही जुनी घेतली होती. पहिल्याच रविवारी सगळे फिरायला निघालो. बोपोडीच्या सिग्नलला गाडी थांबली आणि मागून सासूबाई म्हणाल्या, “अगं, मागे पाण्याची कळशी ठेवलीयेस का? सांडेल हं.” कळशी कुठली असायला! माझी लेक तेव्हा तिसरीत होती. तिने वाकून सीटखाली पाहिलं. काहीच नव्हतं. पुढच्या सिग्नलला पुन्हा, डुबुक.

एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने गाडी सुरूही न करता सांगितलं, “टाकी गेली. बदलावी लागेल.” त्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या महिन्यात तेवढे पैसे काढायचे कुठून? मग कोणीतरी एका वयस्कर मिस्त्रींचं नाव सुचवलं. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. फक्त विचारलं, “टाकीत पेट्रोल किती आहे?”

“निम्मं असेल.”

“मग आधी टाकी फुल्ल करा. चार दिवस चालवा आणि मग सांगा.”

टाकी भरली. बोपोडीचा सिग्नल आला. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. आवाज नाही! दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आम्ही खूश. पण दहाएक दिवसांनी काटा खाली आला आणि डुबुक परत हजर. मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. “गाडीला काही झालेलं नाही, बाई. पेट्रोल चालतंय.”

पेट्रोल चालतंय म्हणजे काय? त्यासाठी एक प्रयोग करा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एक पाण्याने काठोकाठ भरून झाकण लावा, दुसरी निम्मी भरा. (पाणीच घ्यायचं बरं का. पेट्रोलला हात लावायचा नाही.) दोन्ही आडव्या धरून पुढे न्या आणि एकदम थांबवा. भरलेली गप्प राहील. निम्मी मात्र डुबुक म्हणेल. मी हा प्रयोग वर्गात केला तेव्हा पुढची दहा मिनिटं पन्नास मुलांच्या पन्नास बाटल्या डुबुक डुबुक करत होत्या आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही हा प्रयोग घरीच करा!

पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून प्रवास केलाय ना? ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला की बस थांबते, पण आपण पुढच्या माणसाच्या अंगावर जातो. चालती वस्तू आपणहून थांबत नाही. तिला थांबवावं लागतं. यालाच जडत्व म्हणतात, आणि न्यूटनने १६८७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गतीचा पहिला नियम म्हणून हेच मांडलं. गाडी थांबली तरी टाकीतलं पेट्रोल पुढे जातच राहतं. टाकीच्या भिंतीवर आपटतं, परत फिरतं, मागच्या भिंतीवर आपटतं. आपल्या भाषेत त्याला फार सुंदर शब्द आहे, हिंदकळणं. बहुतेक छोट्या मोटारींत टाकी मागच्या सीटच्या खालीच असते. म्हणून हे हिंदकळणं आधी आजीला कळतं आणि मग बाबांना.

आता जरा नीट विचार करा. टाकीतल्या लाटेला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला साधारण एक-दीड सेकंद लागतो. आपल्या कानाला तर सेकंदाला निदान २० कंपनं झाली तरच आवाज कळतो. म्हणजे लाट काही आपल्याला ऐकू येत नाही. आपण ऐकतो ती लाटेने टाकीच्या भिंतीवर मारलेली थाप. ढोलकीवर हात पडावा तशी भिंत थरथरते. ती थरथर गाडीच्या पत्र्यात, तिथून सीटमध्ये आणि तिथून आपल्या कानात जाते.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. टाकीच्या बाबतीत मात्र ती थोडी बदलायला हवी. अगदी तळाशी गेलेलं पेट्रोल थाप मारणार तरी किती जोरात? आणि भरलेल्या टाकीत त्याला हलायला जागाच नसते. खरा दंगा मधल्यामध्ये, निम्म्या टाकीचा. त्यातून रस्त्यावर गर्दी असेल, जरा पुढे, थांब, जरा पुढे, थांब, असं चाललं असेल, तर विचारूच नका. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका उंच जातो, तसंच इथे होतं. ब्रेकचा धक्का आणि लाटेचा फेरा जुळला की लाट चढत जाते.

इंजिनिअर लोकांना हे ठाऊक असतं. म्हणून बऱ्याच टाक्यांच्या आत भोकं पाडलेल्या आडव्या-उभ्या पट्ट्या बसवतात. लाट त्यांच्यातून फुटत फुटत जाते, तिचा जोर मोडतो. रस्त्यावरच्या मोठ्या टँकरमध्येही असे अडथळे असतात, आणि तिथे प्रश्न नुसत्या आवाजाचा नसतो. अर्धवट भरलेल्या टँकरमधलं हजारो लिटर पाणी वळणावर एका अंगाला धावलं तर अख्खा टँकर कलंडू शकतो. खेड्यातल्या बायकांना मात्र हे शिकायला इंजिनिअरिंग कॉलेज लागलं नाही. लांबून डोक्यावर हंडा आणायचा असेल तर पाण्यावर एखादी डहाळी किंवा ताटली तरंगत ठेवायची. पाणी हिंदकळत नाही, अंगावर सांडत नाही. मला विचाराल तर टाकीतल्या पट्टीची ही थोरली बहीणच.

पूर्वीच्या गाड्यांत हे डुबुक नव्हतं असं नाही. इंजिनाच्या धडधडीत ते बुडून जायचं, एवढंच. आता इंजिनं शांत झाली. काही गाड्यांत तर सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. मोठे आवाज गेले की छोटे वर येतात. रात्री भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कशी ऐकू येते, तसं.

आणि हो, टाकी भरली की आवाज जातो म्हणून ती गळ्यापर्यंत भरायला लावू नका. पंपावर नळी ‘खट्’ करून आपोआप थांबते. तरीही पंपावरचे दादा विचारतात, “राउंड फिगर करू का?” आईबाबांना सांगा, नको म्हणा. पेट्रोल तापलं की फुगतं. ३५ लिटर पेट्रोल १० अंशांनी तापलं तर सुमारे पाव ते अर्धा लिटर वाढतं. त्याला वर जागा लागते. शिवाय टाकीतली वाफ पकडण्यासाठी कोळशाने भरलेला एक डबा असतो. जास्तीचं पेट्रोल त्यात शिरलं तर तो खराब होतो.

टाकीचं कोडं सुटल्यावर माझ्या लेकीला नादच लागला. तिने एका वहीत गाडीतले आवाज लिहायला सुरुवात केली. आवाज कसा, कुठून, आणि केव्हा. हा ‘केव्हा’ चा रकाना तिच्या आजीने सुचवला, आणि तोच सगळ्यात कामाचा ठरला. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, दोनेक सेकंद ‘ङ्ङ्ङ्’: तो टाकीत बुडालेला पेट्रोलचा पंप. टाकीचं झाकण उघडताना ‘फुस्स’: वाफ. इंजिन चालू असताना पुढून ‘टिक्-टिक्-टिक्’: कोळशाच्या डब्यातली वाफ इंजिनात सोडणारी झडप. गाडी बंद केल्यावर खालून ‘टिंग... टिंग’: धूर बाहेर नेणारी तापलेली नळी गार होताना आकसते. एक मीटर पोलाद १०० अंशांनी गार झालं तर जेमतेम सव्वा मिलिमीटर आखडतं, पण तेवढ्यानेही ते बोलतं. डिकीतली खडखड म्हणजे नीट न आवळलेला जॅक निघाला. आणि रस्ता मोकळा असताना मागची एकच काच उघडली की कानात ‘भुप्-भुप्-भुप्’ होतं, ते तर तुम्ही रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून घरबसल्या काढू शकता. फक्त इथे बाटली म्हणजे गाडी आणि फुंकर म्हणजे वारा. दुसरी काच थोडी उघडली की थांबतं. करून पाहा, अगदी जादू वाटते.

अशा आवाजांचा अभ्यास करणारी मोठी माणसंही आहेत, आणि लांब कुठे नाहीत, आपल्याच पुण्यात आहेत. वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथे गाड्यांचे आवाज आणि थरथर मोजतात. त्यासाठी आवाज शोषून घेणाऱ्या भिंतींची खोली असते. तिथे टाळी वाजवली तर प्रतिध्वनी येत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. यात माझी चूक आहे, तरी सांगते.

मिस्त्रींचं ते ‘पेट्रोल चालतंय’ आमच्या घरात विनोद होऊन बसलं. दार कुरकुरलं, पेट्रोल चालतंय. पंखा घरघरला, पेट्रोल चालतंय. दिवाळीच्या सुट्टीत ताम्हिणी घाटातून कोकणात जायचं ठरलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी होळकर पुलावरून येताना लेक म्हणाली, “आई, ‘ची’ असा आवाज येतोय.” मी म्हटलं, “पेट्रोल चालतंय गं.” आणि रेडिओ मोठा केला.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण टाकी तर आपण कालच फुल्ल केलीय. मग पेट्रोल चालेल कसं?”

मी रेडिओ बंद केला. वहीत तिने लिहिलं होतं: ‘ची. पुढून, डावीकडून. फक्त ब्रेक दाबल्यावर.’ आणि खाली तारखा. एक नाही, पाच. पाच दिवस तो आवाज येत होता आणि गाडी चालवणाऱ्या मला तो ऐकू आला नव्हता, कारण मी ठरवून टाकलं होतं की या गाडीतले सगळे आवाज निरुपद्रवी आहेत.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक काढलं. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. नव्या पॅडवर घासला जाणारा थर साधारण १० मिलिमीटर जाडीचा असतो. आमच्या पॅडवर तो पुठ्ठ्याएवढा उरला होता. आणि ‘ची’ करणारी होती पॅडलाच बसवलेली एक छोटी पोलादी पट्टी. बऱ्याच पॅडना ती असते. थर झिजला की ती तबकडीला टेकते आणि ओरडते. म्हणजे गाडीतले बाकीचे आवाज बंद करायला इंजिनिअर झटत असतात, पण हा एक आवाज त्यांनी मुद्दाम बसवलेला असतो!

“यावर घाट उतरणार होतात?” मिस्त्रींनी विचारलं. मी काहीच बोलले नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर आता लाल पेनाने दोन ओळी आहेत. ब्रेक दाबल्यावर नवा आवाज आला तर लगेच सांगायचं. आणि गाडीत पेट्रोलचा वास आला तर आवाजाची वाट न बघता गाडी बाजूला घ्यायला सांगायची, सगळ्यांनी खाली उतरायचं. हे दोन नियम तुम्हीही आपल्या घरी सांगून ठेवा. मोठी माणसं हसली तरी सांगा.

पॅड बदलले आणि ठरलेल्या दिवशी आम्ही निघालो. मुळशीच्या पुढे घाट सुरू झाला. रेडिओ बंद होता. एका वळणावर समोरून गाईंचा कळप आला, मी ब्रेक दाबला, गाडी गुपचूप थांबली. ‘ची’ नाही, काही नाही. आणि मग मागच्या सीटखालून ओळखीची हाक आली, डुबुक.

सासूबाई झोपेत होत्या असं मला वाटत होतं. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “टाकी निम्मी झाली गं. पुढे पंप दिसला की भरून घे.”