अणुयुद्धासाठी बांधलेला भोंगा

८५३ हर्ट्झ आणि ९६० हर्ट्झ. हे दोन सूर एकाच वेळी वाजवून पाहा. ते एकमेकांत मिसळत नाहीत, नुसते भांडत राहतात आणि कान हैराण होतो. तसा तो व्हावा म्हणूनच ते निवडले आहेत. अमेरिकेत कधी भरदुपारी, कधी मध्यरात्री, एखाद्या भागातल्या हजारो फोनमधून हे सूर एकदम किंचाळतात आणि पडद्यावर दोन ओळी उमटतात : मूल पळवलं गेलं आहे, गाडी अमुक रंगाची, नंबर तमुक. फोन मूक करून ठेवला असला तरीही सहसा हा आवाज दबत नाही. गंमत बघा, पळवून नेणारा त्याच भागात असेल तर त्याच्याही खिशात हाच भोंगा वाजतो. तो ऐकून घाबरून मुलाला सोडून दिल्याचीही उदाहरणं आहेत.

पण हे सूर मुळात मुलांसाठी योजलेच नव्हते. त्यांच्या यंत्रणेचा जन्म अणुबॉम्बच्या भीतीतून झाला.

पर्ल हार्बरवर चाल करून आलेल्या जपानी वैमानिकांनी होनोलुलूच्या रेडिओ स्टेशनचा माग धरत दिशा पकडली होती. ती आठवण अमेरिकेच्या मनात ताजी होती. सोव्हिएत विमानंही अशीच आली तर? म्हणून १९५१ मध्ये एक अचाट योजना निघाली. हल्ल्याची चाहूल लागताच बहुतेक स्टेशनं बंद होतील, आणि जी चालू राहतील ती फक्त ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर बोलतील. एकाच जागी अनेक आवाज आले की विमानाला दिशा सापडणार नाही! त्या काळच्या अमेरिकी रेडिओंच्या तबकडीवर या दोन आकड्यांपाशी छोटे त्रिकोण छापलेले असत. पुढे क्षेपणास्त्रं आली. त्यांना रेडिओच्या सुराची गरजच नव्हती. मग १९६३ मध्ये नवी यंत्रणा उभी राहिली. तिचा हेतू एकच होता : जग संपायला आलं असेल तर राष्ट्राध्यक्षांचा आवाज काही मिनिटांत घराघरात पोहोचावा. १९७१ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी चाचणीच्या वेळी चुकून खरीच फीत लागली, काही स्टेशनांनी कार्यक्रम थांबवून आणीबाणी जाहीर केली, आणि बहुतेकांनी तिकडे चक्क दुर्लक्ष केलं. अणुयुद्धाच्या तयारीतली ही माणसं!

युद्ध काही झालं नाही. यंत्रणा अधूनमधून वादळांची सूचना देत पडून राहिली.

१३ जानेवारी १९९६. टेक्सासमधलं आर्लिंग्टन. अँबर हॅगरमन, वय नऊ वर्षं, धाकट्या भावाबरोबर आजीआजोबांच्या घरून सायकलवर निघाली. जवळच्या बंद पडलेल्या दुकानाचं वाहनतळ रिकामं असे, तिथे सायकल मनसोक्त फिरवता येई. भाऊ लवकर परतला. एका शेजाऱ्याने परसातून पाहिलं : काळी पिकअप गाडी थांबली, माणूस उतरला, किंचाळणाऱ्या मुलीला उचलून आत टाकलं आणि गाडी निघाली. त्याने लगेच पोलिसांना फोन केला. घरून निघाल्यापासून जेमतेम आठ मिनिटांत हे सगळं घडलं होतं. चार दिवसांनी काही मैलांवरच्या एका ओढ्यात अँबरचा मृतदेह सापडला. खुनी आजवर सापडलेला नाही.

त्या भागातल्या एका आईने स्थानिक रेडिओ स्टेशनला फोन केला. तिचा प्रश्न इतका साधा होता की तो आधी कुणाला का सुचला नाही याचंच नवल वाटतं. वादळ येतंय हे तुम्ही कार्यक्रम थांबवून सांगता, मग मूल पळवलं गेलंय हे का सांगत नाही?

यातली खोच लक्षात आली का? पळवून नेणारा गाडीत आहे. रस्त्यावर त्याच्या पुढेमागे आणखी शेकडो गाड्या आहेत, आणि त्यांत रेडिओ चालू आहे. नेमक्या ज्या लोकांच्या नजरेसमोर तो या क्षणी आहे, त्यांच्याच कानात बातमी जाणार! ना नवा कॅमेरा, ना नवा पोलीस, ना नवी तार. डॅलस-फोर्टवर्थ भागातली रेडिओ स्टेशनं आणि पोलीस एकत्र बसले, आणि अण्वस्त्रांसाठी बांधलेला भोंगा एका मुलीच्या नावाने वाजू लागला. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये आर्लिंग्टनमधूनच आठ आठवड्यांचं एक बाळ सांभाळणाऱ्या बाईने पळवलं. सूचना गेली, एका वाहनचालकाला ती गाडी दिसली, त्याने फोन केला आणि दीडेक तासात बाळ आईच्या कुशीत.

एवढी घाई कशासाठी? वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने मुलांच्या अपहरण-खुनांची सहाशेहून अधिक प्रकरणं तपासून १९९७ मध्ये अहवाल दिला. असे गुन्हे फार विरळा असतात, हे त्यात आधीच सांगितलं आहे. पण ज्या मुलांचा खून झाला, त्यांतली ७४ टक्के पहिल्या तीन तासांतच मारली गेली होती. पोलीस ठाणं, जबाब, शिक्का, वरिष्ठांची सही, एवढ्यातच तीन तास संपतात.

अँबरच्या आईवडिलांनी मात्र दुसरा रस्ता धरला होता. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांसाठी कडक कायदा हवा, असं म्हणत ते १९९६ मध्येच थेट वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेसमोर गेले. हा रस्ता त्यांच्याआधी इतर आईबापांनी तुडवलेला होता. फ्लोरिडात १९८१ मध्ये सहा वर्षांचा ॲडम वॉल्श दुकानातून नाहीसा झाला, त्याचा खून झाला. तेव्हा त्याच्या वडिलांना कळलं की चोरीची गाडी एफबीआयच्या संगणकात देशभर शोधता येते, पण हरवलेल्या मुलाची नोंद तिथे व्हायलाच हवी असं बंधन नाही. गाडीला जे होतं ते मुलाला नाही! १९८२ मध्ये कायदा बदलला. १९९० मध्ये आणखी एक झाला : मूल हरवल्याची तक्रार घेताना पोलिसांनी ‘थोडी वाट पाहू’ म्हणायचं नाही.

मग १९९४ चा जुलै, न्यू जर्सी. सात वर्षांच्या मेगन कांकाला समोरच्या घरातल्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून बोलावलं आणि तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती. गल्लीत कुणालाच हे ठाऊक नव्हतं. ‘आम्हाला माहीत असतं तर?’ या आईबापांच्या प्रश्नाला विरोध कोण करणार? तीन महिन्यांत राज्याचा कायदा झाला, १९९६ च्या मे महिन्यात देशाचा. आज अमेरिकेत कुणीही संगणकावर आपला पत्ता टाकून आसपास राहणाऱ्या शिक्षा झालेल्या लैंगिक गुन्हेगारांची नावं, छायाचित्रं पाहू शकतो.

इथे मी जरा थबकतो. मेलेल्या मुलाचं नाव लावलेल्या विधेयकाविरुद्ध हात वर करण्याची हिंमत कोणत्या आमदाराला होईल? आणि जिथे कुणी विरोध करूच शकत नाही, तिथे तपासणीही होत नाही. तपासणी झाली ती २००८ मध्ये. न्यू जर्सीतल्याच संशोधकांनी कायद्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण या यादीमुळे घटल्याचं त्यांना दिसलं नाही. मिनेसोटातल्या पॅटी वेटरलिंग यांचा अकरा वर्षांचा मुलगा जेकब १९८९ मध्ये पळवला गेला होता. गुन्हेगारांची नोंदवही ठेवणारा १९९४ चा केंद्रीय कायदा त्याच्याच नावाचा, त्यांच्याच खटपटीचा. पुढे त्याच बाई जाहीरपणे म्हणू लागल्या की या याद्या फार ताणल्या गेल्या आहेत, त्यांत अल्पवयीन पोरंही भरली जाताहेत.

भोंग्याची गोष्ट निराळी. त्याने शिक्षा वाढवली नाही, वेळ वाचवला. आणि तो ज्या रीतीने चालतो ते पाहिलं की तोंडात बोट जातं. रेडिओवर सूचनेआधी जो खरखरीत, कर्कश आवाज येतो तो बिघाड नाही, तो मजकूर आहे! त्या एकदोन सेकंदांत कोणती आपत्ती, कोणता जिल्हा, किती वेळ, एवढं सगळं संकेतात भरलेलं असतं. अपहरणासाठी तीन अक्षरांचा स्वतंत्र संकेत आहे. यंत्र तो वाचतं आणि आपला जिल्हा असेल तरच जागं होतं.

२०१३ पासून ही सूचना फोनवर येऊ लागली. हजारो फोनना एकाच क्षणी एसएमएस पाठवले तर जाळं तुंबेल ना? तुंबत नाही, कारण हा एसएमएसच नव्हे. एसएमएस घरोघरी पत्र टाकतो, ही गावात दिलेली दवंडी आहे. टॉवर एकदाच ओरडतो, त्याच्या टप्प्यातला प्रत्येक फोन ऐकतो. टॉवरला तुमचा नंबर माहीत असण्याचीही गरज नाही. सुरुवातीला या दवंडीला ९० अक्षरांची मर्यादा होती. त्यात एका मुलाचा जीव बसवायचा, म्हणजे कोणता शब्द ठेवाल? गाडीचा नंबर.

पण भोंगा रोज वाजला तर लोक तो ऐकेनासे होतील, १९७१ सारखे. म्हणून प्रत्येक हरवलेल्या मुलासाठी तो वाजत नाही. अपहरणच आहे असा सबळ संशय हवा, जिवाला धोका हवा, मूल सतरा किंवा त्याहून कमी वयाचं हवं आणि लोकांना ओळखता येईल असं वर्णन हवं. २००३ च्या केंद्रीय कायद्याने या सूचनेला देशभरासाठी एक समन्वयक दिला. त्याच कायद्यात, मुलांवर दुसऱ्यांदा गंभीर लैंगिक गुन्हा करणाऱ्याला जन्मठेपेची तरतूदही आली. या सूचनांच्या मदतीने आजवर बाराशेहून जास्त मुलं परत मिळाली आहेत.

टिमथी ग्रिफिन या नेवाडातल्या संशोधकाने अशी प्रकरणं खणून काढली तेव्हा एक कडू गोष्ट दिसली. परत मिळालेली बरीच मुलं आईने किंवा बापानेच नेलेली होती आणि त्यांच्या जिवाला बहुधा धोका नव्हता. अँबरसारख्या प्रकरणात, जिथे अनोळखी माणूस आहे आणि हाताशी फक्त ‘काळी पिकअप’ एवढंच वर्णन आहे, तिथे हा भोंगा क्वचितच वेळेवर पोहोचतो. माझ्या मते तरीही तो वाजायलाच हवा. मेगनच्या यादीने शेजाऱ्याच्या आयुष्यावर कायमची नजर बसते. चुकीच्या वेळी वाजलेल्या भोंग्याने फार तर झोपमोड होते.

आपल्याकडे? लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही भारतात २०१८ मध्ये सुरू झाली. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते, गल्लीतल्या लोकांना नाही, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. टॉवरवरून दवंडी देण्याचं तंत्रही आपल्याकडे आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातले फोन अचानक किंचाळले होते ती त्याचीच चाचणी. आणि १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला आहे : मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवायची आणि ते अपहरण किंवा तस्करी आहे असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा.

तेव्हा एक करा. मूल दिसेनासं झालं तर नातेवाइकांकडे तासन्‌तास फोन लावत बसू नका. वर सांगितलेल्या अहवालात निम्म्याहून अधिक प्रकरणांत घरच्यांनीच पोलिसांना कळवायला दोन तासांहून जास्त वेळ घेतला होता. ११२ किंवा १०९८ लावा, अंगावरच्या कपड्यांचं वर्णन आणि अलीकडचा फोटो द्या. ठाण्यात कुणी ‘चोवीस तास थांबा’ म्हणालं, तर असा कोणताही नियम नाही हे त्यांना सांगा आणि एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.