दुहेरी ठशाची नाणी

नाणे पाडण्याच्या ठशावरच अक्षरे, अंक किंवा चित्र दोनदा उमटलेले असल्यास त्यापासून पडणाऱ्या नाण्यांना दुहेरी ठशाची नाणी म्हणतात. नाण्यावरील आकृती दुहेरी दिसण्यास इतरही कारणे असतात. संग्राहकांच्या बाजारात मात्र ठशातील दुहेरीपणालाच विशेष मोल असल्याने हा भेद ओळखणे अगत्याचे ठरते.

टाकसाळीत उठावदार व सुलट आकृतीचा पोलादी मूळ ठसा (हब) मऊ पोलादावर प्रचंड दाबाने दाबून खोलगट व उलट आकृतीचा कामाचा ठसा (डाय) तयार करतात. अमेरिकेच्या टाकसाळींत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत हे काम सामान्यतः एका दाबात पुरे होत नसे. पहिल्या दाबाने पोलाद कठीण होई. ते तापवून, सावकाश थंड करून मऊ केले जाई आणि हब पुन्हा दाबला जाई. या वेळी तो तंतोतंत जुळला नाही, की डायवर दुसरी आकृती पहिलीच्या शेजारी उमटे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत असे लिंकन सेंट पडले. दोष ध्यानात येईपर्यंत त्यांपैकी वीस हजारांहून अधिक नाणी इतर नाण्यांत मिसळली होती. ती वेचण्याऐवजी चलनात जाऊ देण्यात आली. त्यांवरील सन व अक्षरे नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतात.

खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही आकृती गोलसर उठावाच्या असतात, अक्षरे एकंदरीत जाड होतात व त्यांच्या टोकांशी खाच दिसते. याउलट नाणे पडतानाच ठसा सैल असल्यामुळे सरकला, तर नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड चेपून सपाट पायरी तयार होते. या यांत्रिक दुहेरीपणात अक्षराची जाडी वाढत नाही, उलट मूळ अक्षरच बारीक होते. नवख्यांची फसगत बहुधा येथेच होते. झिजलेल्या ठशामुळेही अक्षरे फुगून अंधूक सावली दिसते. १९५५ च्याच काही सेंटांवरील अखेरच्या पाचाला अशी सावली आहे. त्यांना थट्टेने ‘गरिबाचा दुहेरी ठसा’ म्हणत असले, तरी ती निव्वळ झीज होय. एकच नाणे दोनदा ठोकले गेल्यास पहिली आकृती दुसऱ्या ठोक्याखाली बरीचशी चेपली जाते व खुणा बहुधा दोन्ही बाजूंना आढळतात.

टाकसाळीच्या चिन्हावरून आणखी एक कसोटी मिळते. १९८९ पर्यंतच्या सेंटांवर हे चिन्ह कामाच्या ठशावर हाताने स्वतंत्रपणे ठोकले जाई. त्यामुळे सन दुहेरी व चिन्ह एकेरी असणे हे खऱ्या दुहेरी ठशाशी सुसंगत होय. दोन्ही एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसल्यास यांत्रिक दोषाचा संशय बळावतो. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ‘एस’ चिन्हाच्या १९६९ च्या दुहेरी सेंटावर चिन्ह एकेरीच आहे. त्या सुमारास १९६९ सालाचीच, पण चिन्ह नसलेली बनावट दुहेरी नाणी बाहेर आल्याने सरकारी गुप्त सेवेने यांपैकी काही अस्सल नाणीही जप्त केली होती. पुढे त्यांचा अस्सलपणा मान्य झाला.

एका डायपासून पडलेल्या सर्व नाण्यांवर दुहेरीपणाची दिशा व अंतर सारखेच असते. म्हणून संशयित नाणे त्याच ठशाच्या प्रमाणित नाण्याच्या छायाचित्राशी ताडून पाहतात.