स्थूल मूल आणि आईबापांचा होकार

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचे क्षेत्र होय. गणपतीचे विशाल उदर पाहून चंद्र हसला आणि शापास पात्र झाला, ही पुराणकथा घरोघरी ठाऊक आहे. स्थूल देहाला हसणे ही जगाची जुनीच खोड. म्हणूनच लठ्ठपणाच्या संशोधनाकरिता मुलाची तपासणी करू द्या, असे कोणी म्हटले, की 'आमच्या मुलाला नावे तर ठेवणार नाहीत ना?' अशी शंका आईबापांस येणे स्वाभाविक आहे.

दुसरी शंका याहून खोल आहे. ज्या जिल्ह्यातून दरसाल हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घराबाहेर पडतात, तेथे काळजी वाटते ती मूल वाळल्याची. अंगाने भरलेले मूल हे सुखाचेच लक्षण. तेव्हा 'गुटगुटीत मुलाची तपासणी कशाला?' हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणता येत नाही. शहरातील सुशिक्षित आजीही तोच विचारते.

या प्रश्नाचे उत्तर पुण्याजवळील सहा खेड्यांत मिळाले. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी तेथे गरोदर स्त्रियांची पाहणी आरंभिली. जन्मलेली बालके सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांहून पुष्कळ हलकी. परंतु त्यांच्या पाठीच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. देह कृश, पण चरबी राखलेली! हे नुसत्या डोळ्यांस दिसत नाही, मोजावेच लागते.

हीच मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांचे रक्त तपासले गेले. ज्यांच्या मातांच्या रक्तात गरोदरपणी 'ब-१२' जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. पुढील मधुमेहाची ही चाहूल. २००८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शेकडो आईबापांनी कोवळ्या हाताला सुई टोचू दिली नसती, तर तो कधीच हाती आला नसता.

तथापि असा होकार हे आईबापांचे औदार्य आहे. त्यावर संशोधकाचा हक्क नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांवरील मुलाचाही रुकार घ्यावा लागतो. आणि मध्येच माघार घेण्याची मोकळीक असते. रक्त किती घेणार, नाव गुप्त राहील काय, दोष आढळल्यास उपचार कोठे होतील, हे आईबापांनी निःसंकोच विचारावे. संशोधकानेही एक गोष्ट लपवू नये: या श्रमाचे फळ बहुधा त्याच मुलास मिळत नाही, पुढच्या पिढीस मिळते. हे कळूनही जो होकार येतो, तोच खरा होकार.