आकुर्डीच्या उन्हात बाहेर कोण असतं?

समजा, तुमच्या प्रपोजलचं गृहीतक असं आहे: 'उन्हाळ्यात तापमान वाढलं की मोकळ्या जागांवर फिरायला येणाऱ्यांची संख्या घटते.' जागा म्हणून आकुर्डीला जवळची, निगडीची दुर्गा टेकडी निवडलीत. हवामान खात्याचं रोजचं कमाल तापमान घ्यायचं, फाटकावर बसून माणसं मोजायची आणि दोन्हींचा सहसंबंध काढायचा. आलेख देखणा येईल. पण कमिटीतला एखादा जाणकार विचारेल, "तापमान कुणाचं?" आणि तिथे गाडी अडकेल.

हवामान खात्याचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटरवर. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थेट ऊन थर्मामीटरवर पडू नये, हाच तिचा हेतू. म्हणजे बातमीत '३९ अंश' येतं ते सावलीतल्या हवेचं तापमान. शिवाय शिवाजीनगरचा आकडा वापरलात, तर तो आकुर्डीपासून सरळ रेषेतही सुमारे १५ किलोमीटर दूरचा आहे. टेकडीच्या पायवाटेवर चालणाऱ्या माणसाला हवा तापवते तशी सूर्यकिरणंही तापवतात, खालची फरशी तापवते, बाजूची भिंत तापवते. या सगळ्या प्रारणांचा एकत्रित परिणाम सांगणाऱ्या राशीला सरासरी प्रारण तापमान म्हणतात. भर उन्हात ते हवेच्या तापमानापेक्षा वीस-तीस अंशांनी जास्त असू शकतं. दाट सावलीत पाय टाकला की यातलं बरंचसं गळून पडतं, हवा मात्र जवळपास तेवढीच गरम राहते.

हे काम वाळवंटी शहरांत बारकाईने झालं आहे. अमेरिकेतल्या फिनिक्स भागात अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एरियन मिडेल आणि सहकाऱ्यांनी 'मार्टी' नावाची उपकरणांची ढकलगाडी रस्तोरस्ती फिरवली. उन्हातलं प्रारण तापमान तिथे ७० अंशांच्या वर गेलेलं दिसलं. इमारतीची सावली, झाडाची सावली आणि कापडी छताची सावली सारखी नसते, हेही त्या मोजमापांतून पुढे आलं.

फिनिक्सचा आपल्याशी काय संबंध? पुणे-पिंपरीचा एप्रिल मुंबईपेक्षा वाळवंटाला जवळचा. कमाल तापमान सरासरी ३८च्या आसपास, दुपारची हवा कोरडी, आणि रात्री पारा बराच खाली. मुंबईत घाम वाळत नाही म्हणून जीव जातो. इथे घाम भराभर वाळतो आणि अंगावर येतं ते ऊन. म्हणून मुंबईच्या अभ्यासातली प्रश्नावली उचलून आकुर्डीत वापरू नका. जैसलमेरवरचं वाचन जास्त उपयोगी पडेल.

आता एक गणित. 'वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर' हा निर्देशांक १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघात टाळण्यासाठी तयार झाला. उन्हातल्या जागेसाठी त्याचं सूत्र: ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान × ०.७, काळ्या गोळ्यातलं × ०.२, हवेचं × ०.१, आणि तिन्हींची बेरीज. उदाहरणापुरते आकडे घेऊ. हवा ३८. उन्हात ओला थर्मामीटर २३, काळा गोळा ५०. उत्तर २९.९. त्याच वेळी वडाखाली ओला २१.५, गोळा ३९. उत्तर साधारण २६.७. फरक तीनच अंशांचा वाटतो ना? पण आयएसओ ७२४३ या मानकात उन्हाला सरावलेल्या माणसाने मध्यम कष्टाचं काम सलग करायची मर्यादा २८ आहे. एकाच मिनिटाला, दहा पावलांच्या अंतरावर, एक माणूस मर्यादेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे. तुमच्या आलेखात मात्र दोघांच्या नावावर '३८'.

दुसरी अडचण मोजणीची. जैसलमेरला समचे वाळूचे डोंगर पाहायला लोक कधी जातात? सूर्यास्ताला. उन्हाने माणसं कमी होण्याआधी त्यांची वेळ सरकते. दुर्गा टेकडीवर किंवा घोरावडेश्वरच्या पायऱ्यांवर सकाळी आणि संध्याकाळी गर्दी दिसते ती यामुळेच. म्हणून मोजणी दिवसभर, ठरावीक अंतराने हवी. आणि दुपारी उद्यानाचं फाटक बंद असेल, तर तुमचा शून्य उन्हाने आणलेला नाही, वॉचमनने आणलेला आहे. वेळांचा फलक आधी बघा.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९७१च्या पुस्तकात घराबाहेरच्या हालचालींचे तीन गट केले: अपरिहार्य, ऐच्छिक आणि सामाजिक. फेरफटका ऐच्छिक, त्यामुळे ऊन वाढलं की तो आधी बंद होतो. कंपनीची पाळी, डिलिव्हरी, भाजीची हातगाडी, रस्त्याचं खोदकाम ही अपरिहार्य. आकुर्डी स्टेशनबाहेर दुपारी दोनला दिसणारी माणसं बहुतेक याच गटातली. तुम्ही दोनला कुणालाही थांबवून 'ऊन सहन होतं का?' विचारलंत, तर उत्तर मिळणार दोनच प्रकारच्या लोकांचं: ज्यांना सहन होतं ते, आणि ज्यांना सहन झालं नाही तरी यावंच लागतं ते. ज्यांना त्रास होतो आणि टाळता येतो, ते घरी पंख्याखाली आहेत. अशा सर्वेक्षणातून 'आकुर्डीकर ३८ अंशांनाही सरावले आहेत' असा निष्कर्ष सहज निघेल. त्यावर विसंबून कुणी झाडांचा, पाणपोयांचा खर्च कापला, तर किंमत हातगाडीवाल्याने मोजायची.

उपाय महाग नाही. निम्मे प्रतिसादक जागेवर घ्या, निम्मे आसपासच्या सोसायट्या आणि वस्त्यांमधून, त्यात वयस्कर लोक मुद्दाम. प्रत्येकाला 'आज इथे आला नसता तर चाललं असतं का?' हा प्रश्न विचारा आणि ऐच्छिक-अपरिहार्य असे गट वेगळे करूनच विश्लेषण करा. (गेलच्या चौकटीत न बसणारं एक उदाहरण आपल्याकडेच आहे: तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. वारकऱ्याचं चालणं ऐच्छिक म्हणायचं की अपरिहार्य? थिअरीच्या प्रकरणात यावर दोन पानं लिहा, परीक्षक खूश होतील.)

काळ्या गोळ्याचं प्रमाणित उपकरण १५० मिलिमीटर व्यासाचं असतं आणि स्थिरावायला वीसेक मिनिटं घेतं. बजेट नसेल तर टेबल टेनिसच्या चेंडूला मंद राखाडी रंग देऊन आत सेन्सर बसवतात. तो लवकर स्थिरावतो, पण वाऱ्याने जास्त हलतो. म्हणून वाऱ्याचा वेग सोबत नोंदवावाच लागतो. उंची १.१ मीटर ठेवा आणि प्रत्येक नोंदीपुढे 'ऊन' की 'सावली', सावली असेल तर कशाची, हे लिहा.