बीपीची गोळी आणि बाबांचं पोट

मी इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण आजचा विषय घरातूनच आलाय. बाबांना बीपीसाठी व्हेरापामिल सुरू झालं आणि पोट साफ होईना. आई म्हणाली, "पालेभाजी नको असते ना, मग असंच होणार." इसबगोल झालं, गरम पाणी झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, गोळीमुळे असेल.

बीपीच्या गोळीचा पोटाशी काय संबंध? वाचत गेलो, तर दुवा निघाला कॅल्शियम.

आतड्याच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात, म्हणजे आपल्या हुकमाशिवाय चालणारे. त्यांच्या पेशींबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं. विजेचा इशारा आला की पेशीची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी एका एन्झाइमला जागं करते. ते मायोसिनवर फॉस्फेट बसवतं आणि स्नायू आकसतो. कॅल्शियम बाहेर गेलं, फॉस्फेट निघालं की सैल. या आकसण्या-सैलावण्यावरच अन्न पुढे सरकतं.

आता गंमत बघा. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असेच स्नायू, अशीच दारं. व्हेरापामिल ती अडवतं. रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतो. पण आतडंही सुस्तावतं. आमच्या भाषेत, शेअर्ड लायब्ररी बदलली आणि भलतंच मॉड्यूल अडकलं!

बाबांनी आपल्या मनानं गोळी बंद केली नाही, हे बरं झालं. डॉक्टरांनीच बदलून दिली. तुमच्या घरी असं झालं, तर आधी डॉक्टरांना विचारा. पालेभाजीला दोष नंतर देऊ!