पाच लाखांचं कार्ड आणि रोजची गोळी

२९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, खुली झाली. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. ही मोठीच सोय आहे. पण ती रुग्णालयात भरती झाल्यावरची. घरी परतल्यावर औषधं मिळतात ती १५ दिवसांपुरती. म्हातारपणातला रक्तदाब, मधुमेह मात्र आयुष्यभराचा, आणि त्याच्या गोळ्या-तपासण्यांचा खर्च अनेकांना दरमहा खिशातूनच करावा लागतो. कुणी म्हणेल, घर बुडवतं ते ऑपरेशन, गोळ्या नव्हेत. खरं आहे, पण पैशांअभावी रक्तदाबाची गोळी सुटली की पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि शेवटी तोच रुग्ण महागड्या खाटेवर येतो. पेन्शन नसलेल्या एकट्या विधवेला तर तपासणीसाठी तालुक्याला जाणंही जड जातं. म्हणून या गोळ्या गावातल्या उपकेंद्रातच, खंड न पडता, मोफत मिळायला हव्यात.