260 सामन्यांनंतर

हर्शी हे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं गाव. वस्ती साधारण चौदा हजार. आणि याच गावात आइस हॉकीचं बंदिस्त स्टेडियम आहे ते साडेदहा हजार खुर्च्यांचं. हे दोन आकडे एकापाठोपाठ कानावर पडले आणि तेव्हाच ठरवलं की हे प्रकरण डोळ्यांनी बघायचं. बरं, इथला संघ देशातल्या सर्वांत वरच्या लीगमधला नाही. वरची लीग म्हणजे एनएचएल. तिच्याखाली एएचएल, अमेरिकन हॉकी लीग. ही दुसरी फळी. हर्शी बेअर्स हा संघ 1938 पासून या लीगमध्ये आणि याच गावात खेळतो आहे.

माझी मावसबहीण शेजारच्या हॅरिसबर्गला असते. तिचा धाकटा मुलगा शाळेतल्या मुलांच्या संघातून हॉकी खेळतो. तो म्हणाला, "मावशी, सामना सगळेच बघतात. तू धार लावतात ती जागा बघ." त्याच्या प्रशिक्षकांनी ओळख काढली आणि सामन्याच्या तीन तास आधी मी स्टेडियमच्या पोटातल्या एका बोळात उभी होते.

पहिल्यांदा आला तो वास. गावात वारा बरोबर दिशेचा असेल तर कोकोचा मंद वास येतो. मिल्टन हर्शी यांच्या चॉकलेटच्या कारखान्याभोवतीच हे गाव वसलेलं आहे. इथे आत मात्र घामाने भिजून, वाळून, पुन्हा भिजलेल्या हातमोज्यांचा आंबूस वास होता आणि त्यात तापलेल्या पोलादाचा. पाहुणा संघ आदल्या रात्री दुसऱ्या गावात खेळून बसने आला होता. हातमोजे उलटे करून पंख्यासमोर टांगलेले होते. या लीगमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार अशा लागोपाठ तीन रात्री तीन सामने खेळण्याची वेळ येते, कारण प्रेक्षक सुट्टीच्याच दिवशी येतात. सामान पुरतं वाळायला वेळच मिळत नाही.

धारेच्या यंत्राशी जे गृहस्थ उभे होते त्यांनी साठी ओलांडलेली होती. घरच्या आणि पाहुण्या, दोन्ही संघांकडे सामान सांभाळणारी आपापली माणसं असतात. हे गृहस्थ सामन्याच्या दिवशी पाहुण्यांच्या हाताशी असतात. स्केटचं पातं साधारण तीन मिलिमीटर जाडीचं. ते सुरीसारखं धारदार असेल असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते आणि त्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना दोन कडा उभ्या राहतात. खेळाडू वळतो, थांबतो, रेटा देतो, ते या कडांवर. पन्हळ खोल असली की कडा बर्फात घट्ट रुततात, पण घसरण्याचा वेग कमी होतो. उथळ असली की वेग मिळतो, पकड सुटते. अर्ध्या इंचाची त्रिज्या हे नेहमीचं माप. पण वजनदार गडी जरा उथळ मागतो, हलका गडी खोल. प्रत्येकाचं माप वहीत लिहिलेलं होतं.

त्यांनी पातं साच्यात आवळलं, फिरत्या चाकावरून एका लयीत नेलं. ठिणग्यांचा एक बारीक पिसारा उडाला. परत एकदा. मग एक छोटी पट्टी पात्यावर आडवी ठेवून दोन्ही कडा सारख्या उंचीवर आहेत ना ते पाहिलं. शेवटी अंगठ्याचं नख कडेवरून हलकेच फिरवलं. नखाचा पांढरा पापुद्रा सुटला तेव्हा त्यांनी मान हलवली. आमच्या लहानपणी दारावर सायकल उभी करून विळ्यांना धार लावून देणारा माणूस असंच नख फिरवून बघायचा. मला हलवेना तिथून. सामन्यादरम्यान पात्याची कड तुटली तर हल्ली अख्खं पातंच काढून दुसरं बसवतात, काही सेकंदांत. पण ते दुसरं पातंही आधी कोणीतरी असंच नख फिरवून तयार ठेवलेलं असतं.

"या पोरांतले वर कितीजण जातील?" मी विचारलं. हात न थांबवता ते म्हणाले, "ते मला नका विचारू. मला एकच आकडा माहीत आहे. दोनशे साठ."

तो आकडा त्यांनी समजावून सांगितला. सामन्यात गोलरक्षक सोडून 18 खेळाडू उतरवता येतात. त्यांतले किमान 13 लीगच्या नियमानुसार 'घडणीतले' असावे लागतात. त्या 13 पैकी बारा जणांचे, हंगाम सुरू होताना, व्यावसायिक सामने 260 किंवा त्याहून कमी भरायला हवेत. एकाला 320 पर्यंत सवलत. उरल्या फक्त पाच जागा. 260 ची वेस ओलांडलेल्या बाकी सगळ्यांनी त्या पाच जागांसाठी झगडायचं.

हंगामात 72 सामने असतात. म्हणजे एकविसाव्या वर्षी आलेला मुलगा सगळे सामने खेळला तर पंचविशीच्या आसपास वेस ओलांडतो. ज्या वयात आपल्याकडे पोराला नोकरीत कायम करतात त्या वयात इथे तो अनुभवी ठरतो, आणि अनुभवी ठरला की त्याच्यासाठी जागा कमी होतात. धार लावणाऱ्या त्या गृहस्थांनी कितीतरी पोरांना या वेशीवर पाहिलेलं. "खेळ तेव्हा कुठे समजायला लागलेला असतो हो," ते म्हणाले. बोलताना त्यांनी हातातलं पातं बाजूला ठेवलं. एरवी त्यांचा हात थांबत नव्हता.

नियमामागे कारण आहे आणि ते खोटं नाही. लीगमध्ये 32 संघ आहेत आणि प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला. हर्शी 2005 पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सशी. वरच्या संघाला आपली पोरं तयार करून हवी असतात, त्यासाठी ते पैसे मोजतात. एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के या लीगमधून गेलेले असतात, हे लीग अभिमानाने सांगते. अनुभवी खेळाडूंनी जागा अडवून ठेवल्या तर कोवळ्या पोरांनी खेळायचं कुठे? हे सगळं मान्य. पण या व्यवस्थेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे त्या बोळात उभं राहिल्यावर दिसतं.

पैशाचंही बघा. अनेक मुलांच्या करारात दोन पगार लिहिलेले असतात, खाली खेळलास तर इतका, वर खेळलास तर तितका. एनएचएलचा किमान पगार 2025-26 च्या हंगामात वर्षाला पावणेआठ लाख डॉलर. एएचएलचा किमान पगार पन्नास हजारांच्या थोडा वर. वर जेवढे दिवस राहिला तेवढ्याच दिवसांचा वरचा हिशेब. फोन दुपारी येतो. हर्शीहून वॉशिंग्टन मोटारीने दोन-अडीच तास. सामान भरणारा माणूस पोराची पिशवी दाराशी आणून ठेवतो, त्यात दोन जोड पाती, दोन्हींना ताजी धार. चार दिवसांनी तीच पिशवी परत येते. पिशवी भरताना काही बोलता का, असं मी त्या गृहस्थांना विचारलं. "काही नाही. धार बघून घे म्हणतो."

ते पूर्वी दुसऱ्या एका गावच्या संघात सामानाचे मुख्य होते. 2015 मध्ये एका झटक्यात पाच संघ कॅलिफोर्नियात हलवले गेले, कारण पश्चिमेकडच्या एनएचएल संघांना आपली पोरं हाकेच्या अंतरावर हवी होती. वुस्टर, नॉरफोक, मँचेस्टर, ओक्लाहोमा सिटी आणि न्यूयॉर्क राज्यातला ॲडिरॉन्डॅक. मँचेस्टरने तर त्याच वर्षी लीगचा कॅल्डर करंडक जिंकला होता, आणि जिंकलेला संघ पुढच्या हंगामात तिथे नव्हता. त्या पाच गावांपैकी एका गावात हे होते. संघ गेला, हे तेव्हा तिथेच राहिले. बायकोची नोकरी तिथे, मुलगी शाळेत. कोणाबद्दल वाईट बोलले नाहीत, पण गाव सोडून गेलेल्या संघाची चिन्हं असलेला टॉवेल अजून त्यांच्या यंत्रावर असतो.

हर्शीचा संघ हलला नाही यामागे मालकीचा मोठा हात आहे असं मला वाटतं. मिल्टन आणि कॅथरीन हर्शी यांना मूलबाळ नव्हतं. 1909 मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे मिल्टन यांनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती त्या शाळेच्या नावाने विश्वस्त निधीत घातली. हा संघ ज्या कंपनीचा आहे, तिची मालकी त्याच निधीकडे. संघ वॉशिंग्टनशी करार करतो, पण वॉशिंग्टनच्या मालकीचा नाही. त्यामुळे पाच जागांवर कोणाला ठेवायचं यात हर्शीचाही शब्द असतो, आणि हर्शी त्या पाच जागा भराभर बदलत नाही. त्याचं फळ बघा. एकूण 13 करंडक, लीगमध्ये सर्वाधिक. त्यांतले शेवटचे दोन 2023 आणि 2024 मध्ये लागोपाठ. 2023 ची अंतिम मालिका सातव्या सामन्यात, जादा वेळेत सुटली. निर्णायक गोल मारला माइक व्हेकिऑनीने. वय तीस, एनएचएलमध्ये जेमतेम पाय लागलेला.

आणि ब्रायन हेल्मर. बचावफळीतला हा खेळाडू या लीगमध्ये 1,117 सामने खेळला. 260 च्या चौपटीहून जास्त. 2009 आणि 2010 मध्ये हर्शीने करंडक जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता, आणि पुढे हर्शीच्याच कारभारात तो वरिष्ठ पदावर आला. असा माणूस संघाच्या खोलीत असला की विशीतल्या पोरांना काय मिळतं, हे कुठल्या तक्त्यात मांडता येत नाही. धार लावणाऱ्या गृहस्थांनी मात्र एका वाक्यात सांगितलं: "म्हातारा गडी हरल्यावर कसा वागतो, ते पोरं बघत असतात."

सामन्याची वेळ झाली. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र गरम पाण्याचा पातळ थर सोडत फिरलं. असं यंत्र चालवणाऱ्यांपैकी एकाची गोष्ट इथे सगळ्यांना तोंडपाठ. टोरंटोमध्ये एएचएलच्या संघाच्या स्टेडियमवर डेव्हिड एअर्स काम करायचा आणि सरावात गोलरक्षक म्हणून उभा राहायचा. आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा माणूस. 22 फेब्रुवारी 2020 ला पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि नियमानुसार बेचाळिसाव्या वर्षी याला एनएचएलच्या सामन्यात उतरवलं. दहापैकी आठ फटके त्याने अडवले, संघ 6-3 ने जिंकला. आमच्या गृहस्थांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

वृत्तपत्रांत हर्शीचं नाव येतं ते बहुतेक वेळा टेडी बेअरमुळे. दरवर्षी एका सामन्यात घरच्या संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षक मऊ खेळणी बर्फावर फेकतात, ती मुलांच्या संस्थांना जातात. जानेवारी 2025 मध्ये 1,02,343 खेळणी पडली. चौदा हजार वस्तीच्या गावात! मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण छायाचित्रं त्या दिवसाची निघतात, आणि रविवारी तिसऱ्या सामन्यासाठी ओले हातमोजे चढवणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या बचावपटूचं कोणी काढत नाही.

मी वर खुर्चीत बसले तरी लक्ष पायांकडे. एक पाहुणा खेळाडू वेगाने येऊन दोन्ही पाती आडवी करून थांबला, बर्फाचा भुगा काचेवर उडाला. दुपारी चाकाखाली होती त्यांपैकीच ती पाती. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया भागात मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथल्या वाचकांना सांगेन की मुलांना घेऊन एकदा या लीगचा सामना बघा. खेळाडूंची नावं ओळखीची नसतील. पण सामन्याच्या पुस्तिकेत प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या सामन्यांची संख्या छापलेली असेल तर ती जरूर वाचा.

माझं मत सांगते. 260 ची मर्यादा असावी, पण तिच्यापलीकडच्यांना 18 मध्ये पाचच जागा हे फार तुटपुंजं आहे. त्या सात कराव्यात. तरुणांच्या दोनच जागा कमी होतील, आणि उरलेल्या अकरा जणांना शिकवायला खोलीत दोन माणसं जास्त असतील. पन्नास हजार डॉलरच्या नोकरीत दहा वर्षं काढणाऱ्यांच्या जिवावर ही लीग उभी आहे, आणि नियम बदलणं लीगच्याच हातात आहे.